जमिनीच्या दाव्यात प्रतिवादीला समन्स नीट कसे बजवावे: नाशिक जिल्ह्यातल्या नव्या पक्षकारांसाठी

दावा लागला, प्रतिवादी हजर झाले नाहीत, एकतर्फा हुकूमनामा, म्हणजे दुसरी बाजू न ऐकता कोर्टाचा निकाल, झाला, त्यावरून फेरफारही, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नोंदीतला बदल, मंजूर झाला. मग चार-पाच वर्षांनी कल्याणला दिलेली बहीण अर्ज करते की मला समन्स मिळालेच नाही. न्यायालय बेलीफाचा, म्हणजे समन्स पोहोचवणाऱ्या कोर्ट कर्मचाऱ्याचा, अहवाल काढून बघते. त्यावर सही असते गावातल्या भावाची. हुकूमनामा रद्द होतो आणि दावा पुन्हा पहिल्या तारखेवर येतो. वादीची बाजू खरी होती की खोटी, हा प्रश्न इथे येतच नाही.

नाशिक जिल्ह्यात हे जपायलाच हवे. इथल्या जमिनीचे हिस्सेदार एका गावात क्वचित असतात. कुणी सिडकोत, कुणी नाशिक रोडला, कुणी मुंबईला, बहिणी सासरी. समृद्धी महामार्गाच्या आणि शहरालगतच्या गावांत भाव वाढले तसे जुने, न झालेले वाटप अंगावर आले. प्रत्येकाचा पत्ता घरातल्या कुणाला तरी माहीत असतो. माहीत असलेला पत्ता न देता पेपरात समन्स छापून मोकळे होणे हा यातला सर्वांत महागात पडणारा मार्ग आहे.

आधी चार कागद वेगळे करा

लोक चार वेगवेगळ्या कागदांना ‘नोटीस’ म्हणतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

वकिलामार्फत दाव्याआधी पाठवलेली नोटीस खाजगी वादात बहुतेक वेळा सक्तीची नसते. तरी ती पाठवावी. वाटप मागितले आणि समोरच्याने नाकारले, हे त्यातून दिसते. शिवाय कोणता पत्ता चालतो आणि कोणता नाही, हे दाव्याआधीच कळते.

खरेदीच्या वेळी वकील देशदूत, गावकरी अशा दैनिकांत ‘हरकत असल्यास कळवावे’ अशी जाहीर नोटीस देतात. ती टायटल तपासण्यापुरती असते. तिला उत्तर दिले नाही म्हणून हिस्सेदाराचा हक्क संपत नाही, आणि ती नोटीस समन्सच्या जागी चालत नाही.

तलाठ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, फेरफारासाठी काढलेली नमुना ९ ची नोटीस महसुली कामापुरती. तिच्याकडे पुढे येऊ.

चौथे कोर्टाचे समन्स. ते दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ५ प्रमाणे निघते, त्यावर न्यायाधीशांची किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची सही आणि कोर्टाचा शिक्का असतो, सोबत दाव्याची प्रत असते. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

पहिली पायरी: प्रतिवादी कोण, हे कागदावरून ठरवा

आठवणीवर यादी करू नका. चालू सातबारा, ८-अ (खातेउतारा), आणि त्या गटावर आजवर पडलेले सगळे फेरफार काढा. शहर हद्दीत आणि गावठाणात प्रॉपर्टी कार्ड. जुने हस्तलिखित उतारे तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. उताऱ्यावरच्या प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा: हयात की मयत, मयत असल्यास वारस कोण, आज राहतो कुठे, आणि हे तुम्हाला कोणत्या कागदावरून कळले.

समजा, दिंडोरी तालुक्यातल्या एका गटाचे वाटप मागायचे आहे. उताऱ्यावर तीन भाऊ, त्यातले एक तुम्ही. दुसऱ्या भावाने मधल्या काळात तुकडा विकला आहे. तिसरा वारला, मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. दोन बहिणींची नावे ‘इतर हक्क’ रकान्यात. म्हणजे प्रतिवादी झाले आठ: एक भाऊ, मयताचे चार वारस, दोन बहिणी आणि खरेदीदार. आई हयात असेल तर नऊ, कारण मयत मुलाच्या पहिल्या वर्गातल्या वारसांत आईही येते.

सर्वांत जास्त नावे गळतात ती बहिणींची. उताऱ्यावर नाव नाही म्हणून तिला सोडू नका. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सांगितले की हा हक्क जन्माने येतो, २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. बहीण ‘मला काही नको’ असे तोंडी म्हणाली असेल तरी ती प्रतिवादी. नोंदणीकृत हक्कसोडपत्र असेल तर ते दाव्यात दाखवा, आणि वकील नको म्हणत नसतील तर तिचे नाव तरीही ठेवा.

मयताच्या नावावर दावा लावू नका. दावा दाखल होताना जो हयातच नव्हता त्याच्याविरुद्धचा हुकूमनामा शून्य ठरतो. वारस शोधायला ६-क ची वारस नोंदवही, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, मतदार यादी या गोष्टी उपयोगी पडतात. आवश्यक पक्षकार वगळला तर आदेश १ नियम ९ प्रमाणे सगळा दावाच अडचणीत येतो. वाटपाच्या दाव्यात प्रत्येक हिस्सेदार आवश्यक पक्षकार असतो.

सरकार पक्षकार असेल, उदाहरणार्थ जिल्हाधिकारी, तर कलम ८० ची लेखी नोटीस देऊन दोन महिने थांबावे लागते. तातडी असेल तर कलम ८०(२) खाली परवानगी मागता येते. महापालिकेने आपल्या कायद्याखाली केलेल्या कृतीबद्दल दावा असेल तर महापालिका अधिनियमाचे कलम ४८७ लागते: एक महिन्याची नोटीस, आणि दावा सहा महिन्यांच्या आत. ही मुदत चुकली की दुरुस्ती जवळजवळ होत नाही.

दुसरी पायरी: पत्ता

बेलीफ माणसाला ओळखत नाही, तो पत्त्यावर जातो. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे निम्मे गाव मळ्यात राहते. समन्सवर ‘राहणार अमुक गाव, तालुका निफाड’ एवढेच असेल तर बेलीफ गावठाणात चौकशी करतो आणि ‘सदर इसम मिळून आला नाही’ असा शेरा मारून परत येतो. मळ्याचे नाव, शिवार, कोणत्या रस्त्याला, कोणत्या वस्तीजवळ, हे लिहा. सिडकोत योजना, सेक्टर आणि घराचा क्रमांक हवा. एकच नगराचे नाव शहरात दोन-तीन ठिकाणी असते, म्हणून नाशिकमध्ये पंचवटी, सातपूर की नाशिक रोड हे लिहिलेच पाहिजे, पिनकोडसह.

नावातही गोंधळ होतो. एका गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे तिघे सापडतात. वय, वडिलांचे पूर्ण नाव, धंदा आणि असल्यास ‘ऊर्फ’ घाला. विवाहित बहिणीचे उताऱ्यावर माहेरचे नाव असते, सासरी तिला त्या नावाने कुणी ओळखत नाही. दोन्ही नावे लिहा: आधी लग्नानंतरचे, मग ‘माहेरचे नाव’ म्हणून उताऱ्यावरचे. पत्ता सासरचा द्या. तिचा पत्ता ‘भावाच्या घरी’ असा देणे ही जमिनीच्या दाव्यातली सर्वांत जास्त केली जाणारी आणि सर्वांत सहज उघडी पडणारी चूक आहे.

आदेश ७ नियम १ प्रमाणे प्रतिवादीचे नाव, वर्णन आणि राहण्याचे ठिकाण वादीला जेवढे कळू शकते तेवढे द्यावेच लागते. एकाच्या दोन जागा माहीत असतील, जसे घर मखमलाबादला आणि दुकान मेन रोडला, तर दोन्ही द्या. मोबाइल नंबर आणि ई-मेल माहीत असेल तर तोही.

काही प्रतिवादींसाठी मार्ग ठरलेला आहे. अज्ञान मुलासाठी आदेश ३२ प्रमाणे पालक नेमण्याचा अर्ज लागतो. नुसते आईच्या हातात समन्स देऊन भागत नाही. देवळाली कॅम्पला किंवा सीमेवर असलेल्या जवानाचे समन्स न्यायालय त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे पाठवते. नाशिक रोड कारागृहात असलेल्याचे तुरुंगाच्या प्रमुखाकडे जाते. महापालिका किंवा रेल्वे कर्मचाऱ्याचे त्याच्या कार्यालय प्रमुखामार्फत बजावता येते. बिल्डर कंपनी असेल तर संचालक, सचिव किंवा प्रमुख अधिकारी, नाहीतर नोंदणीकृत कार्यालय. साइटवरच्या सुपरवायझरची सही घेऊन येऊ नका.

तिसरी पायरी: प्रती आणि फी वेळेत

दावा दाखल करून घेतल्याचा हुकूम झाला की सात दिवसांच्या आत जितके प्रतिवादी तितक्या दाव्याच्या प्रती आणि प्रोसेस फी भरायची असते. वरच्या उदाहरणात आठ. पण बेलीफ आणि टपाल दोन्ही मार्ग एकदम चालवायचे असतील, आणि ते चालवावेत, तर प्रत्येकी दोन संच म्हणजे सोळा. तात्पुरत्या मनाईचा अर्ज, ज्याला सगळे निशाणी ५ म्हणतात, त्याच्याही तितक्याच प्रती. प्रत्येक संचात दाव्याची सगळी पाने, मिळकतीचे वर्णन आणि जोडलेला नकाशा आहे ना, हे स्वतः मोजून बघा. झेरॉक्समध्ये चतुःसीमेचे पान राहिले की प्रतिवादी पुढे तेच बोट दाखवतो.

फी किंवा प्रती दिल्या नाहीत म्हणून समन्स निघाले नाही तर आदेश ९ नियम २ प्रमाणे दावा काढून टाकला जाऊ शकतो. समन्स न बजावता परत आले आणि सात दिवसांत तुम्ही नवे समन्स मागितले नाही तर त्या प्रतिवादीपुरता दावा जातो. तो नियम ५. ‘वकील बघतील’ म्हणून बसू नका. ई-कोर्ट्स ॲपवर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक (दाव्याचा ओळख क्रमांक) टाकून पुढची तारीख आणि टप्पा बघा, आणि तारखेच्या आठवडाभर आधी नाझर विभागात (बेलीफांचे काम बघणाऱ्या कोर्टाच्या विभागात) समन्स बेलीफाकडे गेले का, हे विचारा.

चौथी पायरी: बजावणीचे मार्ग

*बेलीफ.* प्रतिवादी त्याच न्यायालयाच्या हद्दीत असेल तर इथलाच बेलीफ जातो. कल्याण, पुणे, जळगावला असेल तर समन्स तिकडच्या न्यायालयामार्फत जाते आणि त्यात तारखा निघून जातात. म्हणून बाहेरच्या प्रतिवादींना सोबत टपालानेही पाठवावे.

समन्स प्रत्यक्ष त्याच माणसाला द्यावे, हा मूळ नियम. अनेक प्रतिवादी असले तर प्रत्येकाला वेगळे. तो घरी नसेल, वाजवी वेळात भेटण्याची शक्यता नसेल आणि त्याने कुणाला मुखत्यार नेमले नसेल, तर आदेश ५ च्या नियम १५ प्रमाणे (पुढचे नुसते नियम क्रमांकही आदेश ५ चेच) *त्याच्यासोबत राहणाऱ्या* प्रौढ कुटुंबीयाला देता येते, पुरुष असो वा स्त्री. नोकर कुटुंबीय धरला जात नाही.

‘सोबत राहणाऱ्या’ या दोन शब्दांवर किती हुकूमनामे पडले असतील! बेलीफ गावी मळ्यात येतो, थोरला भाऊ घरी असतो, आणि तो स्वतःचे, धाकट्याचे आणि दोघी बहिणींचे अशी चार समन्स एकदम घेऊन चार सह्या करतो. त्यातली बजावणी एकाचीच झाली. बहिणी त्याच्या घरी राहत नाहीत, शिवाय वाटपात त्याचा आणि त्यांचा फायदा एकमेकांच्या विरुद्ध आहे. असा अहवाल आला तर ‘सगळे बजावले गेले’ म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका. त्याच तारखेला बहिणींच्या सासरच्या पत्त्यावर नवी समन्स मागा.

अहवाल आल्यावर तो स्वतः वाचा. तारीख आणि वेळ आहे का, कुणाला दिले, नाते काय, सही त्याच नावाची आहे का, घर कुणी दाखवले, साक्षीदार कोण. बेलीफाला नेताना गावातला माहीतगार माणूस सोबत द्यायला हरकत नाही, पण साक्षीदार तुमचा सख्खा नको.

शेतजमिनीच्या दाव्यात एक वेगळी सोय आहे. प्रतिवादी प्रत्यक्ष सापडत नाही, त्याने कुणाला समन्स घेण्याचा अधिकार दिलेला नाही, पण जमिनीची देखरेख त्याच्या नेमलेल्या माणसाकडे आहे, तर नियम १४ प्रमाणे त्या माणसावर बजावता येते. मोसमापुरता आलेला मजूर किंवा द्राक्षाच्या छाटणीचा मुकादम यात बसत नाही.

*टपाल.* १ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने देशांतर्गत रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केले आहे. खिडकीवर ‘नोंदणीसह स्पीड पोस्ट आणि पोचपावती’ असे स्पष्ट सांगा, नाहीतर नुसते साधे स्पीड पोस्ट होते. पावती, ट्रॅकिंगचा छापील उतारा आणि पाकिटाची छायाप्रत जपून ठेवा. ट्रॅकिंगची नोंद काही काळाने संकेतस्थळावरून निघून जाते, म्हणून पोहोचल्याच्या दिवशीच छापून घ्या.

पाकीट परत आले तर त्यावरच्या शेऱ्यावर पुढचे सगळे अवलंबून असते. ‘घेण्यास नकार’ असा शेरा असेल तर न्यायालय बजावणी झाली असे जाहीर करू शकते. पत्ता बरोबर, टपालखर्च भरलेला, आणि पोचपावती हरवली किंवा समन्स काढल्यापासून ३० दिवसांत आली नाही, तरीही तसे जाहीर करता येते. ‘सूचना दिली, नेले नाही’ हा शेरा बरोबर पत्त्यावरचा असेल तर न्यायालये सहसा वादीच्या बाजूने बघतात, पण त्यावर एकट्यावर विसंबू नये. ‘पत्ता अपुरा’, ‘सोडून गेले’, ‘या नावाची व्यक्ती नाही’ या शेऱ्यांचा अर्थ एकच: बजावणी झालेली नाही, नवा पत्ता शोधा. ‘घर बंद’ म्हणजे पुन्हा प्रयत्न. पोस्टमनचा शेरा इंग्रजी आद्याक्षरांत असेल तर वकिलाला विचारून तो रोजनाम्यात, म्हणजे दाव्याच्या तारीखवार कामाच्या नोंदीत, नीट उतरवून घ्या.

*हमदस्त.* नियम ९-अ प्रमाणे अर्ज करून समन्स स्वतः किंवा तुमच्या वतीने दुसऱ्याने बजावता येते. लांबच्या बहिणीसाठी हा चांगला मार्ग. दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. प्रतिवादीच्या *स्वतःच्या* हातात द्यायचे, आणि सहीची पोच आणायची. त्याने नकार दिला तर बेलीफाच्या वेळी जसा नकार मोजला जातो तसा इथे मोजला जात नाही. पुन्हा नेहमीच्या मार्गाने समन्स काढण्याचा अर्ज द्यावा लागतो. जिथे बोलणेच बंद आहे, बांधावर हाणामारी होऊन पोलीस ठाण्यात तक्रार झाली आहे, तिथे हमदस्त घेऊ नका.

*ई-मेल आणि व्हॉट्सॲप.* संहितेत ई-मेलची तरतूद आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्यासाठी २०१७ मध्ये नियमही केले. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा आल्या म्हणून नोटीस मिळाली असे उच्च न्यायालयाने एका प्रकरणात २०१८ मध्ये धरले. जमिनीच्या दाव्यात मात्र याला जोडीचा मार्गच समजा. न्यायालयाची परवानगी घ्या, पाठवलेले आणि वाचलेले दिसणारे पडदे छापून शपथपत्रासह द्या, आणि बेलीफ व टपाल चालूच ठेवा.

पाचवी पायरी: दारावर चिकटवणे

प्रतिवादीने घेण्यास नकार दिला, किंवा योग्य आणि पुरेशी खटपट करूनही तो सापडला नाही, तर नियम १७ प्रमाणे बेलीफ समन्स घराच्या बाहेरच्या दारावर किंवा दर्शनी भागावर चिकटवतो. ‘पुरेशी खटपट’ म्हणजे एक फेरी नव्हे. दुपारी बाराला मळ्यातले घर बंद असणारच, माणसे शेतात असतात. वेगवेगळ्या दिवशी, सकाळी किंवा संध्याकाळी गेल्याची नोंद हवी.

अहवालात चिकटवल्याची परिस्थिती, घर ओळखवणाऱ्याचे नाव-पत्ता आणि ज्यांच्यासमोर चिकटवले त्यांची नावे असलीच पाहिजेत. २०१८ मध्ये नीरजा रिअल्टर्सच्या प्रकरणात, आणि तो जमिनीच्याच व्यवहाराचा दावा होता, बजावणीतल्या अशाच कसुरींवर सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवले आणि एकतर्फा निकाल टिकला नाही. त्यानंतर नियम १९: बेलीफाचे शपथपत्र नसेल तर न्यायालयाने त्याला शपथेवर तपासलेच पाहिजे, आणि मग ‘बजावणी झाली’ असे जाहीर करावे. हा हुकूम रोजनाम्यात दिसला पाहिजे. दिसत नसेल तर वकिलांना सांगून तो करून घ्या.

पेपरातले समन्स: शेवटचे, पहिले नव्हे

प्रतिवादी मुद्दाम लपतो आहे किंवा नेहमीच्या मार्गाने बजावणी होऊ शकत नाही, अशी न्यायालयाची खात्री झाली तरच नियम २० लागतो. अर्जासोबत शपथपत्र द्या: कोणत्या तारखेला कुठे समन्स गेले, काय शेऱ्याने परत आले, चौकशी कुणाकडे केली. ‘प्रतिवादी समन्स चुकवत आहे’ एवढे एक वाक्य पुरत नाही.

दैनिक कोणते, हेही ठरलेले आहे. प्रतिवादी शेवटी जिथे खरोखर राहत होता किंवा धंदा करत होता, तिथे खपणारे दैनिक हवे. उल्हासनगरला वीस वर्षे राहणाऱ्या माणसासाठी नाशिकच्या आवृत्तीत छापून उपयोग नाही. छापलेल्या मजकुरात न्यायालय, दावा क्रमांक, प्रतिवादीचे पूर्ण नाव, गट क्रमांक आणि तारीख तपासा, अंक कात्रणासह निशाणीवर आणा, म्हणजे दाव्याच्या कागदांत दाखल करा.

एवढे करूनही हा मार्ग कच्चा का, ते मुदतीच्या कायद्यात आहे. एकतर्फा हुकूमनामा रद्द करण्याच्या अर्जाला ३० दिवस मिळतात. समन्स रीतसर बजावले असेल तर ते हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात, नसेल तर प्रतिवादीला हुकूमनामा कळल्यापासून. आणि मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद १२३ चे स्पष्टीकरण सांगते की नियम २० ची बदली बजावणी या मोजणीसाठी ‘रीतसर बजावणी’ धरायची नाही. म्हणजे पेपरात समन्स देऊन मिळवलेल्या हुकूमनाम्याविरुद्ध प्रतिवादी सात वर्षांनीही येऊ शकतो, ‘मला मागच्या आठवड्यात कळले’ असे सिद्ध केले की झाले. त्यातून वाटपाचा हुकूमनामा तुकड्यांत रद्द करता येत नाही म्हणून तो सगळ्यांविरुद्धच रद्द होऊ शकतो. जे प्रतिवादी हजर राहून भांडले त्यांच्याविरुद्धही.

पत्ता ठाऊक असून लपवला असेल तर गोष्ट आणखी गंभीर होते. न्यायालयाची फसवणूक करून मिळवलेला हुकूमनामा शून्य असतो आणि तो कोणत्याही न्यायालयात, कधीही उघडा पाडता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच सांगून ठेवले आहे.

मनाई मिळाली त्या दिवशी

निशाणी ५ वर नोटीस न देता एकतर्फा मनाई मिळाली तर लोक हुकूमाची प्रत घेऊन थेट बांधावर जातात. त्याआधी एक काम आहे. आदेश ३९ नियम ३ प्रमाणे अर्ज, शपथपत्र, दावा आणि आधाराच्या कागदांच्या प्रती प्रतिवादीला लगेच द्याव्या किंवा टपालाने पाठवाव्या लागतात, आणि तसे केल्याचे शपथपत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करावे लागते. हे चुकले की प्रतिवादीचा वकील पहिल्या तारखेला मनाई उठवायला तेच कारण पुढे करतो.

दावा चालू असताना जमीन विकली जाऊ नये म्हणून महाराष्ट्रात आणखी एक पाऊल लागते. इथे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ मध्ये १९३९ पासून स्थानिक दुरुस्ती आहे: दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवली तरच त्या कलमाचा फायदा मिळतो. नोंदवल्यावर तिची प्रत तलाठ्याकडेही द्या.

मध्येच प्रतिवादी वारला तर

९० दिवसांत त्याचे वारस दाखल करण्याचा अर्ज द्यायचा. ती मुदत गेली तर त्याच्यापुरता दावा संपतो, मग तो पुन्हा उभा करायला ६० दिवस, त्यानंतर विलंबमाफी. नव्या वारसांवर समन्स पुन्हा पहिल्यापासून, वरच्या सगळ्या पायऱ्यांनी. मयताचे वकील हजर होते म्हणून वारसांना नोटीस नको, असे होत नाही. जमिनीचे दावे दहा-पंधरा वर्षे चालतात, म्हणून दर वर्षी एकदा प्रतिवादींच्या यादीवरून नजर फिरवा.

तलाठ्याची नोटीस

हुकूमनामा, खरेदीखत, वारस, कोणत्याही फेरफारावर जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे तलाठ्याने चावडीवर नोंदीची प्रत लावायची असते आणि हितसंबंध असलेल्या प्रत्येकाला लेखी कळवायचे असते. हरकतीसाठी १५ दिवस. हरकत आली की नोंद तक्रार नोंदवहीत जाते. ‘आपली चावडी’ संकेतस्थळावर गावनिहाय नोटिसा दिसतात. पण तिथे दिसली म्हणून व्यक्तिगत लेखी नोटीस टळत नाही. नमुना ९ वर सगळ्यांच्या सह्या एकाच हाताने केलेल्या दिसल्या तर मंजूर फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करता येते.

समन्स तुमच्या दारात आले तर

घ्या आणि सही करा. सही म्हणजे दावा मान्य करणे नव्हे. नकार दिला तर बजावणी झालीच असे धरले जाते आणि दाव्याची प्रत मात्र हातात येत नाही. सहीखाली तारीख आणि वेळ तुमच्याच अक्षरात लिहा. तिथून कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) देण्याचे ३० दिवस सुरू होतात, न्यायालय ते कारणे नोंदवून ९० पर्यंत वाढवू शकते. भावाचे, वहिनीचे समन्स तुम्ही घेऊ नका. बेलीफाला त्यांचा पत्ता सांगा.

कुणीतरी दावा लावणार असे कळले असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट, म्हणजे मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज, दाखल करा. ते ९० दिवस टिकते, मग नवे करावे लागते, आणि त्याची नोटीस समोरच्याला नोंदणीकृत टपालाने पाठवावी लागते.

समन्स न मिळताच एकतर्फा निकाल झाल्याचे कळले तर ज्या दिवशी कळले त्याची खूण सांभाळा: तलाठ्याच्या नोटिशीचे पाकीट, उतारा काढल्याची पावती. त्याच आठवड्यात न्यायालयाच्या नक्कल विभागात रोजनामा, समन्सची मूळ परत आलेली प्रत, बेलीफाचा अहवाल, टपालाची पाकिटे आणि नियम २० चा अर्ज झाला असल्यास त्याच्या शपथपत्राची नक्कल मागा. आदेश ९ नियम १३ चा अर्ज याच कागदांवर उभा राहतो. नुसती बजावणीतली किरकोळ चूक दाखवून भागत नाही. तुम्हाला तारखेची कल्पना होती आणि हजर राहायला पुरेसा वेळ होता असे दिसले तर अर्ज फेटाळला जातो. त्या काळात तुम्ही कुठे राहत होता याचा पुरावा जोडा: त्या वर्षांचे वीजबिल, मुलांच्या शाळेचा दाखला, नोकरीचे पत्र. नक्कल मिळायला वेळ लागला तरी अर्जाचे ३० दिवस थांबत नाहीत, म्हणून अर्ज आधी दाखल करून नकला नंतर जोडल्या तरी चालतात.